पाईप किती केजीचा घ्यावा?



नदीवरून पाणी उचलून माळावरच्या उसाला न्यायचे ठरले की पहिला प्रश्न येतो, "साहेब, पाईप चारचा घेऊ का सहाचा?" कोणी इंचात विचारतो, कोणी केजीत, आणि दुकानात दोन्हींचा घोळ होतो. इंच म्हणजे पाईपची रुंदी. केजी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर तो किती किलो दाब सोसेल, तो आकडा.

दाब म्हणजे जोर भागिले क्षेत्र. एक चौरस सेंटिमीटर तोंडाची, दहा मीटर उंच नळी उभी करा. तीत बरोबर एक लिटर पाणी मावते, वजन एक किलो. म्हणजे तळाशी दाब एक केजी. नळीचे तोंड चौपट केले तर पाणी चौपट, पण तळही चौपट, दाब तोच! तेव्हा दाब ठरतो उभ्या उंचीवर. पाईप तिरपा हजार फूट गेला तरी लांबीमुळे फक्त घर्षणाची भर पडते.

समजा, नदीकाठच्या पंपापासून शेतापर्यंत उभी उंची ४२ मीटर आहे. घर्षणाचे ८ मीटर धरा. एकूण ५०, म्हणजे पंपाजवळ ५ केजी. मग ६ चा पाईप पुरेल असे वाटते. मीही एकदा एका सभासदाला असेच सांगून बसलो. महिन्याभरातच रात्री लाईट गेली, चढावरचे पाणी उलटे फिरले, व्हॉल्व्ह धाडकन मिटला आणि तळाचा पाईप उभा चिरला. ऐन उन्हाळ्यात आठ दिवस उसाचे पाणी तुटले. त्या सभासदाने मला तोंडावर काही म्हटले नाही, ते जास्त लागले. पाणी एकदम अडले की बसणारा हिसका नेहमीच्या दाबापेक्षा बराच मोठा असतो, तो मी धरलाच नव्हता.

आता मी असा चढ सारखा असेल तर पहिल्या तिसऱ्या हिश्श्याला १० चा पाईप सांगतो. पुढे दाब सव्वातीन केजीच्या आसपास उतरतो, तिथे ६ चा. शेवटच्या हिश्श्याला ४ चा. सगळीकडे १० चा टाकून पैसे घालवू नयेत. ठिबक असेल तर त्याला लागणारा साधारण एक केजी वर धरावा.

उंची मात्र नजरेने सांगू नका. गवंड्याच्या लेव्हलच्या नळीने टप्प्याटप्प्याने मोजा आणि पाईप आणण्याआधी तो आकडा घेऊन गट ऑफिसात या.

— ऊस विकास अधिकारी