मोए नदीच्या पलीकडून

आमच्या पंतनगरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. आम्ही सारे त्यांना आजोबाच म्हणतो. 2025 च्या उन्हाळ्यात एका दुपारी त्यांना फोन आला. “तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत. मी पोलीस अधिकारी बोलतो आहे. खोलीचे दार लावून घ्या; घरात कोणाला सांगाल तर त्यांनाही अटक होईल!” दिवेलागणीला सूनबाईंनी दार ठोठावले, तोवर आजोबांच्या शिलकेतला मोठा हिस्सा नाहीसा झाला होता. पैसे गेल्याचे दुःख होतेच. पण त्यांना अधिक लागले ते निराळेच. मला म्हणाले, “अहो सर, तो मुलगा इतके चांगले मराठी बोलत होता हो!”

पावसाळ्याच्या तोंडाशी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. चहा निवून गेला तरी त्याने मान वर केली नाही. बँकॉकला संगणकावरची नोकरी, राहणे-जेवण फुकट, असे एका एजंटाने सांगितले म्हणून तो गेला होता. 2023 च्या अखेरीस थायलंडने भारतीय प्रवाशांना व्हिसावाचून प्रवेश खुला केला होता. तो प्रवेश पर्यटकाचा, नोकरदाराचा नव्हे, हे त्याला कोणी सांगितले नाही. विमानतळावरून मोटारीने माए सोत, तेथून रातोरात मोए नदी ओलांडून म्यानमारमधले म्यावाडी. नदी फार रुंद नाही. पण पलीकडे गेल्यावर पासपोर्ट काढून घेतला गेला, आणि परत जायचे तर खंडणी मागितली गेली. काम एकच : अनोळखी माणसांशी गोड बोलून त्यांना लुबाडणे. “सर, नाही म्हटले की मारायचे,” एवढेच तो बोलला.

आजोबांना फोन करणारा हा नव्हे. तोवर तो घरी परतला होता. पण असाच कोणी असू शकेल, हा विचार मला रात्रभर झोपू देईना. फसवणारा आणि फसणारा, दोघेही आपल्याच आळीतले, आणि धनी मात्र तिसऱ्याच देशात!

हा एकट्यादुकट्याचा प्रकार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने 2023 मध्ये अंदाज दिला, की म्यानमारमध्ये किमान 1,20,000 आणि कंबोडियात सुमारे 1,00,000 माणसे अशा कामाला जुंपलेली असावीत. ज्या म्यानमारमध्ये हे चालते, तोच देश 2023 मध्ये अफूच्या उत्पादनात जगात पहिला ठरला. हा योगायोग नव्हे. 2021 च्या लष्करी उठावानंतर तेथे यादवी माजली. सीमेवरच्या मुलुखात सशस्त्र टोळ्यांचे राज्य. आणि जेथे कायदा नाही तेथे अफूही पिकते, माणसेही विकली जातात.

चोराला नदी ओलांडायला एक रात्र पुरते. पोलिसाला मात्र परक्या देशात पाऊल टाकण्यापूर्वी पत्रे, परवानग्या, करार असा लांबचा फेरा घ्यावा लागतो. हा फेरा आखूड करणे, यालाच आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात. आपल्या मुंबईला ते नवे नाही. माळव्याची अफू एकेकाळी याच बंदरातून चीनला जाई, आणि तिच्यावर येथल्या पेढ्या गब्बर झाल्या. तो व्यापार आवरण्यासाठी 1909 मध्ये शांघायला तेरा देश एकत्र बसले, आणि 1912 मध्ये हेगला करार झाला. अलीकडे भारत, थायलंड आणि म्यानमार हे तिघेही सभासद असलेल्या बिमस्टेक या संघटनेने दहशतवाद, संघटित गुन्हेगारी आणि अमली पदार्थांचा व्यापार यांविरुद्ध 2009 मध्ये करार केला. तो अमलात यायला मात्र 2021 उजाडले. बारा वर्षे! तेवढ्यात चोरांनी नगरे वसवली.

तरीही देशांनी मनावर घेतले की काय होते, हे 2025 मध्ये दिसले. जानेवारीत एक चिनी नट याच सापळ्यात अडकला आणि गवगवा झाला. फेब्रुवारीत थायलंडने नदीपलीकडची वीज तोडली. हजारो माणसे सुटली. मार्चमध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी माए सोतहून 549 भारतीयांना मायदेशी आणले. माझा विद्यार्थी त्यांतलाच एक.

परदेशी नोकरीचे आमिष आले, तर एजंटाची नोंदणी परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहून घ्यावी. फसवणुकीचा फोन आला, तर ताबडतोब 1930 वर कळवावे. हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. मला सांगायचे आहे ते दुसरेच. जिन्यात मी बायाबापड्यांचे बोलणे ऐकतो : “हावरटपणाने गेला, भोगले!” 2000 सालच्या पालेर्मोच्या करारात, ज्यावर भारताने 2011 मध्ये शिक्कामोर्तब केले, एक शहाणपणाचे कलम आहे : फसवून मिळवलेली संमती ही संमतीच नव्हे. आपल्या भारतीय न्याय संहितेचे 143 वे कलमही हेच म्हणते. एवढ्या देशांना जे पटले, ते आमच्या जिन्याला अजून पटायचे आहे.

मी त्या मुलाला आजोबांकडे घेऊन गेलो. जाताना माझीच छाती धडधडत होती. सारे ऐकून आजोबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “माझे पैसे गेले रे. तुझे तर नावच गेले.” आणि सूनबाईंना त्यांनी आत हाक दिली, “अगं, याला फराळाचे काही दे.”

दिवाळीला तेव्हा चार महिने होते. डब्यात होत्या त्या शंकरपाळ्या आल्या.