आकाशाआधी गणित

बारावी उत्तीर्ण होऊन खगोलभौतिकीकडे वळू पाहणारा विद्यार्थी बहुधा प्रथम हेच विचारतो, की ज्या पदवीच्या नावातच हा विषय आहे ती पदवी कोठे मिळेल. वस्तुतः विचारावयास हवे ते हे, की पदवीच्या तीन अथवा चार वर्षांच्या मुदतीत कोणता विषय कोणत्या विषयाआधी शिकावा.

गणित व मूलभूत भौतिकी आधी हवी, याचे दाखले आपल्याच देशात आहेत. गणिताचे शिक्षण घेतलेल्या मेघनाद साहांनी ऊष्मागतिकी व अणुरचना यांची सांगड घालून १९२० साली जे समीकरण मांडले, त्यायोगे ताऱ्यांच्या वर्णपटांतील रेषांचा त्यांच्या तापमानाशी असलेला संबंध उलगडला. चंद्रशेखर मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असता, १९२८ साली तेथे आलेल्या भौतिकशास्त्रज्ञ सोमरफेल्ट यांनी, पुस्तकांतले भौतिकशास्त्र आता मागे पडले आहे, असे त्यांस बजावले. मग चंद्रशेखरांनी नवी पुंजयामिकी आत्मसात केली, आणि १९३० साली इंग्लंडच्या बोटीवर तिला सापेक्षतेची जोड देऊन श्वेतबटूंच्या वस्तुमानाला मर्यादा असते, हे गणिताने दाखविले. सूर्याच्या सुमारे १.४ पट असलेली ही मर्यादा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

म्हणून पहिल्या वर्षी कलनशास्त्र, सदिश व यामिकी. दुसऱ्या वर्षी अवकल समीकरणे, विद्युत् चुंबकत्व व ऊष्मागतिकी. आणि त्यानंतर पुंजयामिकी व सांख्यिकीय भौतिकी, अशी तजवीज करावी, व खगोलभौतिकीचा ऐच्छिक पेपर शेवटच्या वर्षाकरिता राखावा. कारण ताऱ्याचा समतोल समजण्यास गुरुत्वाकर्षण, वायूचा दाब व प्रारणाचे वहन या तिन्ही बाबी एकाच वेळी हाताशी लागतात. एम. एस्सी.च्या प्रवेशासाठीची 'जॅम' परीक्षाही याच मूलभूत विषयांवर बेतलेली असते.

प्रयोगशाळा व संगणक यांना मात्र दुय्यम लेखू नये. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या रेडिओ महादुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात विखुरलेल्या आहेत. त्यांचे संकेत जोडून आकाशाचे एक चित्र उभे करावयाचे, तर फूरिए विश्लेषण, संगणकाची आज्ञावली आणि मापनातील त्रुटींचा चोख हिशेब यांवाचून गत्यंतर नाही.

सबब महाविद्यालय निवडताना माहितीपत्रकातील दुर्बिणीचे छायाचित्र पाहून भुलण्यापेक्षा, तेथे गणित किती खोलवर शिकवितात व विद्यार्थ्यास प्रयोग स्वहस्ते करू देतात की नाही, याची चौकशी आधी करावी.