दानाचा घोडा ट्रॉयचा नव्हे

'नेव्हर लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ' ही इंग्रजी म्हण ट्रॉयच्या युद्धातून आली, असं रायपुरात मला इतक्या जणांनी छातीठोकपणे सांगितलं आहे की आता ते एकदा नीट खोडून काढणं भाग आहे. स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत वाटल्या जाणाऱ्या झेरॉक्समध्ये हेच असतं, शब्दसंग्रह शिकवणाऱ्या व्हिडिओंत हेच असतं आणि तिथून ते जसंच्या तसं मुलांच्या वहीत उतरतं. गोष्ट अशी सांगतात: ग्रीकांनी लाकडी घोडा भेट म्हणून ठेवला, ट्रॉयच्या लोकांनी त्याच्या तोंडात डोकावून पाहिलं नाही, आत सैनिक लपले होते, शहर जळालं, आणि म्हणून ही म्हण पडली.

म्हण काय सांगते ते आधी पाहा. भेट मिळालेल्या घोड्याचं तोंड तपासू नका, असं ती सांगते. ट्रॉयच्या गोष्टीचा बोध याच्या बरोबर उलट आहे: भेट तपासा, नाहीतर जीव जाईल. ट्रॉयच्या राखेतून 'तपासू नका' असा सल्ला कोण काढेल? एवढा साधा प्रश्न शिकवणाऱ्याला पडत नाही, याचा मला राग येतो. मुलांचं काय, त्यांना जे दिलं जातं ते ती पाठ करतात.

ही म्हण घोडेबाजारातली आहे. घोड्याचं वय दातांवरून कळतं आणि घेणारा आधी तोंडच उघडतो. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घोड्याची पारख असलेला माणूस तिथेही ओठ वर करून दात बघणारच. घोड्याला पुढचे पटाशीचे दात वर सहा आणि खाली सहा. अडीच वर्षांच्या सुमारास मधली दुधाची जोडी पडून पक्के दात येऊ लागतात, मग दर वर्षाला पुढची जोडी, आणि पाचव्या वर्षी तोंड पूर्ण भरतं. नव्या दाताच्या माथ्यावर खळगा असतो. चारा चघळून तो झिजत जातो: खालच्या मधल्या जोडीचा साधारण सहाव्या वर्षी, शेजारच्या जोडीचा सातव्या आणि कडेच्या जोडीचा आठव्या वर्षी. म्हातारपणी दात लांब दिसतात आणि पुढे झुकतात. म्हातारा झाला म्हणायला इंग्रजीत 'लाँग इन द टूथ' म्हणतात, तेही इथूनच. विकत घेताना हे सगळं बघायचं. फुकट मिळालेल्या घोड्याचं वय देणाऱ्याच्या तोंडावर मोजणं हा मात्र उद्धटपणा, एवढंच म्हणीचं म्हणणं.

पुरावा हवा असेल तर तोही आहे. संत जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस बायबलमधल्या एका पत्रावर लॅटिनमध्ये भाष्य लिहिलं. त्यात ही म्हण येते आणि तो तिला लोकांच्या तोंडची म्हण म्हणतो. इंग्रजीत ती जॉन हेवुडच्या १५४६च्या म्हणीसंग्रहात आहे. दोन्हीकडे ट्रॉयचा संबंध नाही. आणि आपल्याला इतक्या लांब जायचीही गरज नव्हती. रायपूरच्या रस्त्यावर 'दान की बछिया के दाँत नहीं देखे जाते' हे कोणीही ऐकवेल आणि तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरांतल्या आजींना धर्माच्या गायीचे दात ठाऊक आहेत. जनावर बदललं, बाजाराचा रिवाज तोच. आपल्याच घरातली म्हण हाताशी असताना मुलांना ट्रॉयला कशाला न्यायचं?

ट्रॉयच्या घोड्यातून इंग्रजीत आलेला इशारा वेगळा आहे: भेटी घेऊन येणाऱ्या ग्रीकांपासून सावध राहा. तो रोमन कवी व्हर्जिलच्या 'इनीड'च्या दुसऱ्या सर्गातला, लाओकून या पुजाऱ्याच्या तोंडचा. व्हर्जिल इसवी सनापूर्वी १९ मध्ये वारला, म्हणजे तो ग्रीक कवी होमरच्या कित्येक शतकं नंतरचा.

इथेच दुसरा मोठा गैरसमज येतो, की लाकडी घोडा होमरच्या 'इलियड'मध्ये आहे. नाही. 'इलियड' अकिलिसच्या रागाने सुरू होतं आणि हेक्टरच्या अंत्यविधीने संपतं. तेव्हा ट्रॉय उभंच असतं. घोडा येतो तो होमरच्याच 'ओडिसी'च्या चौथ्या, आठव्या आणि अकराव्या सर्गात, तोही जुनी आठवण म्हणून. चौथ्या सर्गातला प्रसंग तर विलक्षण आहे: हेलन त्या घोड्याभोवती तीनदा फिरते, आतल्या वीरांच्या बायकांच्या आवाजात एकेकाला हाक मारते, आणि ओ द्यायला निघालेल्या एकाचं तोंड ओडिसियस हाताने दाबून धरतो. २००४च्या 'ट्रॉय' चित्रपटाने स्वतःला 'इलियड'वर आधारलेला म्हणवत घोडाही दाखवला, त्याने घोटाळा आणखी पक्का झाला. प्रश्नमंजूषेच्या उत्तरपत्रिकेत 'इलियड' बरोबर आणि 'ओडिसी' चूक असं छापलेलं मी पाहिलं आहे. ज्या मुलीने वाचून उत्तर दिलं तिचा गुण गेला. हा अन्याय आहे.

अशी युक्ती फक्त ग्रीकांच्या कथेत आहे, असंही नाही. 'कथासरित्सागरा'त उज्जयिनीचा राजा चंडमहासेन विंध्याच्या रानात यंत्राचा हत्ती ठेवतो, त्याच्या पोटात योद्धे असतात, आणि हत्तींच्या नादापायी वत्सराज उदयन पकडला जातो. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये हा ग्रंथ रचला तो गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'वरून, आणि परंपरा गुणाढ्याला सातवाहनांच्या दरबारात बसवते.

आता उरलेले गैरसमज, एकेका ओळीत.

'कॉम्प्युटरमधला ट्रोजन हा व्हायरस असतो.' व्हायरस स्वतःच्या प्रती काढून पसरतो. ट्रोजन आपण स्वतः आत घेतो, जशी व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल.

'ट्रोजन हॉर्स ट्रोजनांनी बनवला.' बनवला ग्रीकांच्या एपियसने. नाव पडलं ते ज्यांचा घात झाला त्यांच्यावरून.

'अकिलिसला फक्त टाचेत जखम होऊ शकते, हे होमरने सांगितलं.' 'इलियड'च्या एकविसाव्या सर्गात भाल्याने अकिलिसच्या हातातून रक्त निघतं. त्याला स्टिक्स नदीत बुडवून अभेद्य करण्याची गोष्ट पहिल्या शतकातल्या स्टेशियसच्या काव्यात मिळते. आपल्याकडेही गांधारीने डोळ्यांची पट्टी सोडून दुर्योधनाचं शरीर वज्राचं केल्याची गोष्ट भांडारकर संस्थेच्या चिकित्सित महाभारतात नाही.

'मॅरेथॉनहून धावत आलेला फिडिपिडीस विजय सांगून कोसळला, असं हेरोडोटस लिहितो.' हेरोडोटसचा धावपटू मॅरेथॉनच्या लढाईच्या आधी मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला जातो; धावत येऊन कोसळण्याची गोष्ट प्लुटार्क आणि लुशियन यांची, काही शतकांनंतरची. शिवाय ती लढाई इसवी सनापूर्वी ४९०ची, ट्रॉयशी तिचा संबंध नाही.

'हिप्पो म्हणजे घोडा, म्हणून हिपोक्रिट शब्दातही घोडा आहे.' घोड्याचा 'हिप्पो' वेगळा, 'खाली' या अर्थाचा 'हायपो' वेगळा. हिपोक्रिट दुसऱ्यातून आला.

'पाणघोडा घोड्याचा नातलग.' घोड्याचं नाव त्याला ग्रीकांनी दिलं. जिवंत प्राण्यांत त्याचे सर्वांत जवळचे नातलग देवमासे आहेत.

शब्दामागची गोष्ट सांगितली की मुलांना शब्द लक्षात राहतो, हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच गोष्ट खरी हवी. दानाचा घोडा आणि ट्रॉयचा घोडा एक केले की दोन्ही सल्ले हातचे जातात: देणाऱ्याचा मान राखावा हा एक, आणि दारात आलेली अनोळखी भेट उघडण्याआधी तपासावी हा दुसरा. दोन्ही रोज उपयोगी पडतात, फक्त कुठला कधी वापरायचा ते कळलं पाहिजे. शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती आहे: पुढच्या वेळी 'हे होमरमध्ये आहे' म्हणण्याआधी सर्ग कितवा ते सांगा. सांगता आला नाही, तर ती गोष्ट वर्गात नेऊ नका.