रंगाआधी वारस

घर विकावयाचे ठरले की पहिले बोलावणे जाते ते रंगाऱ्याला. कौले चाळली जातात, भिंतींची ओल झाकली जाते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, उरणपर्यंत लोकलही आली. तेव्हा येथील गावठाणातल्या जुन्या घरांकडे गिऱ्हाइकांची नजर वळावी, यात नवल नाही.

परंतु खरी डागडुजी असते ती कागदांची. दप्तरी आजोबांचेच नाव, वारसनोंद राहिलेली! मग सासरच्या बहिणीला ‘केवळ एका सही’साठी निरोप जातो. ती सही हक्कसोडपत्रावरची असते. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. तो जन्मतःच असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. बहिणीने तो स्वखुशीने सोडला तर प्रश्नच नाही. पण घराची किंमत तिला आधी सांगितली पाहिजे.

१९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी या तालुक्यात पाच शेतकरी हुतात्मे झाले. सरकारकडे ज्यांनी न्याय मागितला, त्यांनीच तो घरच्या लेकीला नाकारावा काय?