टेनिस क्रिकेटची फी : भरावी की न भरावी?

दिवाळी सरली की आमच्या वस्तीत दोन गोष्टी सुरू होतात. एक थंडी आणि दुसरी टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा. नाक्यानाक्यावर फलक झळकतात. अमुक चषक, तमुक चषक, प्रथम पारितोषिक इतके हजार रोख, मालिकावीराला मोटारसायकल, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत प्रवेश फी. वरची बक्षिसाची रक्कम मुले वाचतात. खालची बारीक अक्षरे आईबापांना वाचावी लागतात.

आमचा धाकटा आयटीआयला आहे. गेल्या डिसेंबरात जेवण झाल्यावर ताट न उचलता तसाच बसून राहिला, तेव्हाच मी ओळखले. म्हणाला, "पप्पा, साडेसहाशे रुपये पाहिजेत." हिशेब त्याने तोंडपाठ करूनच आणला होता. संघाची फी ५,००० रुपये, मुले चौदा, म्हणजे माणशी ३६० आणि टी-शर्टाचे २९०. पाठीवर नाव आणि नंबर छापलेला टी-शर्ट नसेल तर खेळू देत नाहीत म्हणे. त्याचा थोरला भाऊ दहा-बारा वर्षांपूर्वी खेळायचा तेव्हा अख्ख्या संघाची फी दीड हजार होती आणि मुले घरातल्या बनियनवर खेळून यायची. माझा पगार तेवढ्या पटीने काही वाढला नाही. तरी दिले. मुलगा घाम गाळायचे पैसे मागतो आहे, गुटख्याचे नव्हे, असा विचार केला.

सामना बघायला मी मुद्दाम गेलो. रात्रीचे नऊ वाजलेले, मैदानावर दिवसासारखा उजेड, मंडप, लाऊडस्पीकरवर समालोचक, यूट्यूबवर दाखवायला दोन कॅमेरे. सामना सहा षटकांचा. समोरच्या संघात तीन खेळाडू बाहेरून पैसे देऊन आणलेले होते. ते कुठले हे कोणाला ठाऊक नाही, पण गेल्या आठवड्यात ते दुसऱ्याच मंडळाकडून खेळले होते, हे मात्र सगळ्या मैदानाला ठाऊक होते. आमच्या पोराने एक षटक टाकले. फलंदाजीत त्याचा नंबर आठवा. छत्तीस चेंडू संपले तेव्हा तो पॅड नसलेल्या पायांनी सीमारेषेवर उभाच होता. तासाभरात सामना आटोपला आणि आमचा संघ बाद. परतीच्या लोकलमध्ये चौदा पोरे आणि चौदा नवे कोरे टी-शर्ट, बोलत कोणी नाही.

मी मनात भागाकार केला. साडेसहाशे रुपयांत पोराच्या वाट्याला सहा चेंडू आले. एका चेंडूला शंभरावर रुपये पडले.

घरी येऊन त्या स्पर्धेचे पत्रक पुन्हा काढले. बत्तीस संघ, बाद पद्धत. बत्तीस संघांचे पाच-पाच हजार म्हणजे १ लाख ६० हजार रुपये. पहिले बक्षीस ७५ हजार, दुसरे ४० हजार. म्हणजे १ लाख १५ हजार रुपये दोन संघांच्या खिशात गेले. बाद पद्धतीत बत्तीस संघांचे एकतीस सामने होतात. सोळा संघ पहिल्याच सामन्यात घरी जातात, आणखी आठ दुसऱ्या सामन्यात. चोवीस संघांतल्या पोरांनी हमालीतून, डिलिव्हरीच्या फेऱ्यांतून, आईच्या डब्यातून जे पैसे आणले, त्यांतून बाहेरच्या तीन खेळाडूंचा मेहनताना निघाला. याला खेळाची फी म्हणायचे की सोडतीचे तिकीट?

आयोजकांची बाजू मला कळत नाही असे नाही. मैदानाचे भाडे आहे, दिव्यांचे भाडे आहे, पंच आणि गुणलेखक आता फुकट येत नाहीत, चेंडू प्रत्येक डावाला नवा लागतो. राहिलेल्या ४५ हजारांत हे सगळे भागवायचे तर त्यांचीही ओढाताण होतच असणार. म्हणून तर पुढाऱ्यांच्या दारात जावे लागते. पण बक्षिसाचा आकडा फुगवा असे त्यांना कोणी सांगितले? शेजारच्या मंडळाने ५० हजार लावले म्हणून आपण ७५ हजार लावायचे, ही चढाओढ. आणि हे मी परक्या मंडळांविषयीच बोलतो आहे असे कोणी समजू नये. एप्रिलमध्ये जयंतीनिमित्त आपल्याच वस्त्यांतून ज्या स्पर्धा होतात, तिथेही हाच आकड्यांचा ताप शिरला आहे.

त्यात पोरांच्या डोळ्यांपुढे मोठे स्वप्न आले. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव मैदानावर इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग झाली. टेनिस चेंडूचे दहा षटकांचे क्रिकेट, खेळाडूंचा लिलाव, मालक म्हणून सिनेनट. गल्लीतला पोरगा टीव्हीवर दिसू लागला, ही गोष्ट चांगलीच झाली. पण तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक स्पर्धेला लिलाव हवा आणि संघमालक हवा. लिलावात ज्याच्यावर बोली लागत नाही त्याचीही फी परत मिळतेच असे नाही. मुलांनी नाव देण्याआधी एवढे तरी विचारून घ्यावे.

या सगळ्यात मला राहून राहून बाळू पालवणकर आठवत होते. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्याला आधी पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर आणि मग गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर खेळपट्टीवर रोलर फिरवीत असे. तिथे साहेब लोकांना सरावासाठी तो तासन् तास गोलंदाजी करी. पण इतक्या वर्षांत एकदाही त्याच्या हातात बॅट दिली गेली नाही, असे त्यांनीच पुढे आपल्या मुलाला सांगितले होते. हिंदू संघात घेतले तेव्हा चहा मिळे तोही पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. याच माणसाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत ते बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले, हा इतिहास आपल्या वाचकांना ठाऊक आहे. पण मैदान कोण झाडतो आणि बॅट कोणाच्या हाती असते, हे बाळूंनी भोगलेले होते. निदान त्यांना त्याचे चार रुपये मिळत. आमचा पोरगा मात्र पदरचे भरून सीमारेषेवर उभा.

म्हणून फेब्रुवारीत त्याने पुन्हा ७०० रुपये मागितले तेव्हा मी साफ नाही म्हटले. कसली स्पर्धा, किती सामने, काही विचारले नाही. तो काही बोलला नाही. आयटीआयमधून आला की भिंतीकडे तोंड करून मोबाईल घेऊन पडायचा. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत उजेड दिसायचा. दोन रविवार असेच गेले.

तिसऱ्या आठवड्यात आमची मंडळी म्हणाली, "अहो, तुम्ही पत्रक वाचलंत का? मी वाचलं." ती अंगणवाडीत मदतनीस आहे, कागद नीट वाचते. स्पर्धा साखळी पद्धतीची होती. आठ संघ, प्रत्येकाचे सात सामने ठरलेले, दर रविवारी सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानावर. रोख बक्षीस नाही, फक्त चषक. बाहेरचा खेळाडू चालणार नाही. पंचगिरी त्या दिवशी सामना नसलेल्या संघातली माणसे करणार. एका सामन्याला शंभर रुपये पडत होते, आणि हरले तरी पुढच्या रविवारी खेळ होताच. "सकाळी सातला उठायचं म्हणजे रात्री दोनपर्यंत जागणं बंद," ती म्हणाली. तिने भिशीतून पैसे काढून ठेवले होते. मी गप्प बसलो. एका पत्रकावर जळून मी दुसरे वाचलेच नव्हते.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आणि माझे बूट?" ती कबड्डी खेळते. मातीवर होती तोवर अनवाणी चालत होते. आता सामने मॅटवर होतात, तिथे बूट लागतात. भावासाठी एका हिवाळ्यात साडेसहाशे आणि सातशे, आणि तिच्या बुटांची गोष्ट मात्र जूनपासून पुढच्या पगारावर ढकललेली. याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आपल्या कितीतरी घरांत नसेल.

शेवटी असे ठरले. धाकट्याला शिकाऊ म्हणून जो भत्ता मिळतो त्यातून त्याने ३५० भरायचे, बाकीचे भिशीतून. माझ्या पगारातून आधी बूट. आणि ज्या स्पर्धेत दोनपेक्षा कमी सामन्यांची खात्री असेल तिथे या घरातून पैसे जायचे नाहीत, मग फलकावर मोटारसायकल असो की विमान.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने कळली, ती ज्यांचे पगारपत्रक आहे त्यांनी जरूर बघावी. जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगार कल्याण निधीची छोटी रक्कम कापली जाते. १९५३ पासून कामगार कल्याण मंडळ त्यावर चालते. त्याच्या केंद्रांत कुठे व्यायामशाळा आहे, कुठे कॅरम, कुठे शिवणवर्ग. मंडळ कबड्डीच्या स्पर्धाही भरवते. म्हणजे ही फी आपण आधीच भरून बसलो आहोत. पुढच्या आठवड्यात मुलीला घेऊन जवळच्या केंद्रावर जाऊन तिथे काय काय चालते ते विचारणार आहे. जी मुले कंत्राटदाराकडे राबतात त्यांची कपात होते की नाही, हे त्यांनी आपापल्या पावतीवर तपासावे.

साखळीतले चार सामने झाले आहेत. आमचा संघ तीन हरला, एक जिंकला. धाकटा पाचव्या क्रमांकावर खेळतो आणि परवा त्याने अकरा धावा केल्या. येत्या रविवारी आमच्या संघाचा सामना नाही. पंच कमी पडत आहेत म्हणून माझे नाव लावून आला आहे. नो बॉलचा नवा नियम मला समजावून सांगायचे काम मुलीने घेतले आहे.