ऑटिस्टिक आणि ट्रान्सजेंडर : जुन्नर-आंबेगावात हा प्रश्न कसा विचारायचा?

समजा तुम्ही संशोधन प्रस्तावात लिहिलंत, 'जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील ऑटिस्टिक ट्रान्सजेंडर व्यक्तींचे प्रमाण'. कागदावर छान दिसतं, पण हा अभ्यास होणार नाही. का, ते बघू.

आधी जे माहीत आहे ते. 2020 मध्ये वरुण वॉरियर आणि सहकाऱ्यांचा पेपर 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आला. पाच डेटासेट, मिळून सुमारे 6 लाख 40 हजार माणसं. ज्यांची लिंगओळख जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी आहे, त्यांच्यात ऑटिझमचं प्रमाण इतरांपेक्षा साधारण 3 ते 6 पट आढळलं. आता इथे घसरू नका. समजा इतरांत 100 पैकी 2 जण ऑटिस्टिक असतील, तर चौपट म्हणजे 8. उरलेल्या 92 जणांना ऑटिझम नाहीच. शिवाय हा सहसंबंध आहे, कारण नव्हे. 'ऑटिझम आहे म्हणून याला असं वाटतंय' हे वाक्य त्या आकड्यातून निघत नाही, तरी घरचे आणि कधीकधी डॉक्टरही ते बोलतात. मग एका ओळखीच्या आड दुसरी झाकली जाते, आणि नैराश्य घेऊन आलेल्या माणसाचं नैराश्य बाजूलाच राहतं.

मग आपल्याकडे मोजता का येत नाही? भारतात ऑटिझमच्या दाखल्यासाठी 'इसा' ही 40 प्रश्नांची मापनपट्टी वापरतात. 70 किंवा जास्त गुण म्हणजे ऑटिझम. यात बरीच माहिती आईवडिलांकडून घ्यावी लागते. आता घर सोडलेल्या, घरच्यांशी बोलणं तुटलेल्या पंचवीस वर्षांच्या ट्रान्स व्यक्तीचं बालपण कोण सांगणार? म्हणजे तुमच्या नमुन्यात तेच येतील ज्यांना घराचा आधार आहे, आणि ज्यांना मदतीची गरज जास्त ते गळतील.

आता भाषा. यावर मार्गदर्शकही फारसं बोलत नाहीत. 'आय गेट कन्फ्यूज्ड इन क्राउड्स' याचं मराठी करा. 'मी गर्दीत गोंधळतो' की 'गोंधळते'? पहिल्याच प्रश्नात तुम्ही समोरच्याला लिंग निवडायला लावलंत! 'मला गर्दीत गोंधळायला होतं' असं केलं की अडचण सुटते. अख्खी प्रश्नावली 'मला'वर आणता येते, थोडी मेहनत लागते इतकंच. तसंच 'तृतीयपंथी' एवढाच पर्याय दिलात, तर बरेच ट्रान्स पुरुष तिथे खूण करणार नाहीत.

टेली-मानसची 14416 ही लाइन 2022 पासून आहे, मोफत आणि 24 तास. नारायणगावहून पुणं सुमारे 75 किलोमीटर, त्यामुळे फोन सोयीचा वाटतो. पण अनेक ऑटिस्टिक माणसांना अनोळखी आवाजाशी फोनवर बोलणं हेच अवघड जातं. त्यात आवाजावरून 'सर' की 'मॅडम' ठरतं, आणि दोन खोल्यांच्या घरात बोलणं सगळ्यांना ऐकू जातं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 लिंगाच्या वा लैंगिक कलाच्या आधारे भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क देतो. तो हक्क मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या केसपेपरवर नाव लिहिताना टिकतो का, हे तपासता येईल. मला हाच जास्त चांगला प्रश्न वाटतो: किती आहेत यापेक्षा, आलेल्या माणसाचं काय होतं?

त्यासाठी आठ-दहा सविस्तर मुलाखती पुरतील. प्रश्न आधी लेखी पाठवा, उत्तर व्हॉट्सॲपवर टाइप करायची मुभा ठेवा, मधे थांबू द्या.

आणि नाव बदललं की गोपनीयता झाली, असं समजू नका. 'घोडेगावजवळच्या गावातली, 23 वर्षांची, नर्सिंग शिकलेली ट्रान्स स्त्री' एवढं छापलंत तर तालुक्यात ती कोण हे चहाच्या टपरीवरसुद्धा कळेल. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत लैंगिक अल्पसंख्याक असुरक्षित गटांत येतात. नैतिकता समिती हे विचारणारच. गाव काढा, वय गटात द्या, शिक्षण ढोबळ लिहा. तरीही ओळख पटत असेल, तर तो उतारा, कितीही बोलका असला तरी, प्रबंधाबाहेर ठेवा.