चिनी भागीदारांशी व्यवहार करणाऱ्या विदेशी कंपन्यांसमोरील कायदेशीर प्रश्न : दानोन-वाहाहा वादाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
१९७८ च्या अखेरीस चीनने आर्थिक सुधारणांचा मार्ग स्वीकारला आणि पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, चिनी-विदेशी संयुक्त उपक्रमांचा कायदा संमत केला. या कायद्यामुळे विदेशी भांडवलास चीनचे दरवाजे खुले झाले. तथापि अनेक विदेशी कंपन्यांना पुढे असा अनुभव आला की, भागभांडवलाचे बहुमत हाती असूनही उपक्रमावरील प्रत्यक्ष नियंत्रण मात्र चिनी भागीदाराकडेच राहते. करार आणि नियंत्रण यांत हे अंतर का पडते, हा प्रश्न वाणिज्य व विधी या दोन्ही विद्याशाखांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात दानोन-वाहाहा वादाच्या आधारे त्याची मांडणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :
१) दानोन-वाहाहा वादाचे कायदेशीर स्वरूप समजून घेणे.
२) ट्रेडमार्क, कंपनीची मोहोर व लवाद या तीन बाबींतील चिनी कायद्याची वैशिष्ट्ये स्पष्ट करणे.
३) भारतीय व्यावसायिकांच्या दृष्टीने त्यांतून मिळणारा बोध नोंदविणे.

अभ्यासपद्धती :
प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे.

दानोन-वाहाहा वादाची पार्श्वभूमी :
वाहाहा हा हांगझौ येथील शीतपेये व पाणी यांचा प्रसिद्ध उद्योगसमूह असून झोंग चिंगहौ हे त्याचे संस्थापक होत. १९९६ मध्ये फ्रान्सची दानोन कंपनी, हाँगकाँगची पेरेग्रीन ही वित्तसंस्था आणि वाहाहा समूह यांनी संयुक्त उपक्रम स्थापन केले. दानोन व पेरेग्रीन यांचा एकत्रित वाटा ५१ टक्के होता. आशियाई वित्तीय संकटात १९९८ मध्ये पेरेग्रीन कोसळली, तेव्हा तिचा हिस्सा दानोनने घेतला आणि दानोन बहुमताची धनी झाली. दैनंदिन कारभार मात्र झोंग यांच्याच हाती राहिला.

वाहाहा हा ट्रेडमार्क समूहाने संयुक्त उपक्रमाच्या नावे करून द्यावा, असे १९९६ च्या करारात ठरले होते. परंतु या हस्तांतरणास चीनच्या ट्रेडमार्क कार्यालयाची मान्यता मिळाली नाही. म्हणून १९९९ मध्ये उभय पक्षांनी ट्रेडमार्क वापरण्याचा परवाना-करार केला. त्याचा विस्तृत मसुदा पक्षांनी स्वतःजवळ ठेवला, कार्यालयात मात्र संक्षिप्त मसुदा दाखल केला. पुढील संघर्षाचे बीज येथेच पडले.

दरम्यान झोंग यांच्याशी संबंधित, परंतु संयुक्त उपक्रमाबाहेरील कंपन्यांनी त्याच नावाने तशाच मालाची विक्री सुरू केली. या कंपन्यांचा ५१ टक्के हिस्सा ४ अब्ज युआनला दानोनने घ्यावा, असा करार डिसेंबर २००६ मध्ये झाला. काही महिन्यांतच झोंग यांनी त्यास जाहीर विरोध केला. २००७ मध्ये दानोनने स्टॉकहोम येथे लवादाची कार्यवाही सुरू केली. उलटपक्षी, हांगझौच्या लवाद आयोगाने डिसेंबर २००७ मध्ये १९९६ चा ट्रेडमार्क हस्तांतरण करार संपुष्टात आल्याचा निर्णय दिला व तेथील न्यायालयाने २००८ मध्ये तो कायम ठेवला. अखेर सप्टेंबर २००९ मध्ये तडजोड होऊन दानोनने आपला ५१ टक्के हिस्सा चिनी भागीदारास विकला.

विवेचन :

१) नोंदणीविना हक्क नाही :
चीनमध्ये प्रथम वापर करणाऱ्यास नव्हे, तर सामान्यतः प्रथम नोंदणी करणाऱ्यास ट्रेडमार्कचा हक्क मिळतो. हस्तांतरणही मान्यता मिळून प्रसिद्ध झाल्यावरच नव्या धारकास हक्क देते. म्हणजेच केवळ स्वाक्षरी केलेला करार पक्षांना बांधील ठरला तरी मालकी देत नाही. ॲपल कंपनीलाही हाच धडा मिळाला. २००९ मध्ये तिने एका मध्यस्थ कंपनीमार्फत आयपॅड हे नाव तैवानच्या प्रोव्ह्यू कंपनीकडून ३५,००० पौंडांना घेतले. परंतु मुख्य भूमीवरील नोंदणी प्रोव्ह्यूच्या शेनझेन येथील कंपनीच्या नावे होती. अखेर २०१२ मध्ये ६ कोटी डॉलर देऊन ॲपलला तडजोड करावी लागली. वापराचा हेतू नसताना दुर्हेतूने केलेले नोंदणी-अर्ज नाकारण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने झाली असली, तरी वेळेवर नोंदणी करण्यास पर्याय नाही.

२) मोहोर आणि कायदेशीर प्रतिनिधी :
चिनी कायद्यानुसार प्रत्येक कंपनीस एक नोंदणीकृत कायदेशीर प्रतिनिधी असतो. त्याने कंपनीच्या नावे केलेली कृत्ये कंपनीस बांधील असतात आणि त्याच्या अधिकारांवरील अंतर्गत मर्यादा सद्भावी त्रयस्थाविरुद्ध सांगता येत नाहीत. तितकेच महत्त्व कंपनीच्या मोहोरेस आहे. आर्म या ब्रिटिश कंपनीच्या चीनमधील संयुक्त उपक्रमात जून २०२० मध्ये संचालक मंडळाने प्रमुख ॲलन वू यांना दूर करण्याचा ठराव केला. परंतु मोहोर त्यांच्या ताब्यात असल्याने तो अमलात येण्यास एप्रिल २०२२ उजाडले. ठराव संचालक मंडळाचा, पण सत्ता मोहोर बाळगणाऱ्याची, असे हे चित्र होते.

३) लवादाचे स्थान :
दानोनच्या वादात एक सूक्ष्म पण निर्णायक मुद्दा आढळतो. भागधारकांमधील करारात एक पक्ष विदेशी असल्याने तो वाद स्टॉकहोमला नेता आला. ट्रेडमार्कचा करार मात्र संयुक्त उपक्रम व वाहाहा समूह यांच्यातील होता. संयुक्त उपक्रमाची नोंदणी चीनमध्ये झालेली असल्याने कायद्याच्या दृष्टीने तीही चिनी कंपनीच ठरते. परिणामी हा वाद हांगझौ येथेच चालला. दोन चिनी कंपन्यांमधील, विदेशी घटक नसलेला वाद परदेशी लवादाकडे नेण्यास सर्वसाधारणपणे मुभा नाही. मुक्त व्यापार क्षेत्रांपुरती काही सवलत २०१७ पासून मिळाली आहे. म्हणून संबंधित सर्व करारांतील लवादाची कलमे एकत्रितपणे तपासणे आवश्यक ठरते.

४) कायद्यातील बदल :
१ जानेवारी २०२० पासून विदेशी गुंतवणूक कायदा लागू झाला व संयुक्त उपक्रमांचे जुने कायदे रद्द झाले. जुन्या उपक्रमांना आपली रचना बदलण्यासाठी पाच वर्षांची मुदत देण्यात आली होती. ती २०२४ अखेर संपली. पूर्वी संचालक मंडळ हेच सर्वोच्च अधिकारमंडळ होते. आता भागधारकांच्या सभेस ते स्थान आहे. यामुळे बहुमतधारकाची स्थिती सुधारली, तरी मोहोर व नोंदणी यांचे महत्त्व कमी झालेले नाही.

भारतीय संदर्भ :
न्यूयॉर्क करारात चीन १९८७ मध्ये सामील झाला. भारताने त्या करारासाठी चीनला २०१२ मध्ये अधिसूचित केले. न्यायालयीन निकालांची स्थिती वेगळी आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली चीन अधिसूचित राष्ट्र नाही, तर चिनी न्यायालये परकीय निकालासाठी आंतरराष्ट्रीय करार वा परस्परता पाहतात. म्हणून चीनमधून यंत्रसामग्री वा सुटे भाग मागविणाऱ्या आपल्याकडील लघुउद्योजकाने ‘वाद केवळ मुंबई न्यायालयाच्या अधिकारकक्षेत’ असे नेहमीचे छापील कलम करारात घातले, तर अनुकूल निकाल मिळूनही वसुली दुरापास्त होण्याचा धोका आहे. दानोनसारखी कंपनी तोटा सोसू शकते. आगाऊ रक्कम पाठवून बसलेल्या लघुउद्योजकास ते शक्य नसते.

निष्कर्ष :
१) भागभांडवलाचे बहुमत म्हणजे नियंत्रण नव्हे; नियंत्रण मोहोर, कायदेशीर प्रतिनिधी व नोंदणी यांतून सिद्ध होते.
२) बाजारात उतरण्यापूर्वीच ट्रेडमार्कची चीनमध्ये स्वतःच्या नावे नोंदणी करणे आवश्यक आहे.
३) अधिकृत कार्यालयात दाखल केलेला मसुदा व पक्षांमधील मसुदा यांत तफावत ठेवू नये.
४) लवाद संस्थेचे नाव, स्थान व भाषा यांचा करारात स्पष्ट उल्लेख असावा.

समारोप :
दानोन-वाहाहा वादाकडे केवळ विश्वासघाताची कहाणी म्हणून पाहणे अपुरे ठरेल. ज्या त्रुटींवर तो उभा राहिला, त्या १९९६ व १९९९ च्या कागदपत्रांतच होत्या आणि संबंध सलोख्याचे होते तोवर त्या कोणास खुपल्या नाहीत. आपल्या वाणिज्य शाखेच्या वर्गांत करार कायदा शिकविताना भारतीय कायद्याच्या कलमांबरोबर अशा एखाद्या परदेशी वादाचाही अभ्यास झाला, तर उद्या व्यवसायात उतरणाऱ्या विद्यार्थ्यास त्याचा निश्चितच उपयोग होईल.